मोरचूद

कॉपर सल्फेटला मराठीत मोरचूद म्हणतात. त्यातला मोर उघडच दिसतो. अमरकोशात याच वर्गातल्या पदार्थाला ‘शिखिग्रीव’ आणि ‘मयूरक’ अशी नावं आहेत; शिखिग्रीव म्हणजे मोराची मान. हिंदीतल्या ‘नीला थोथा’मधला ‘थोथा’ संस्कृत ‘तुत्थ’वरून आला, पण तिथे मोराऐवजी नुसता ‘नीला’ उरला. आपलं नाव जास्त देखणं, हे कबूल करायलाच हवं!

गंमत अशी, की हा मोर तांब्याचा एकट्याचा नाही, पाण्याचाही आहे. स्फटिक तापवा, पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. शाळेतल्या गणितात मुलं नेमकी इथेच अडतात. ८ ग्रॅम कॉपर ऑक्साइड पुरेशा विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळवलं, तर मोरचूद किती मिळेल? पाणी विसरणाऱ्याचं उत्तर १६ ग्रॅम येतं. पण निळ्या स्फटिकात कॉपर सल्फेटच्या दर मोलमागे पाण्याचे ५ मोल असतात, म्हणजे कॉपर सल्फेटच्या एका मोलच्या १५९.५ ग्रॅममध्ये पाण्याचे ९० ग्रॅम मिळवायचे. उत्तर साधारण २५ ग्रॅम.

द्राक्षबागायतदाराचा हिशेब याहून सोपा. बुरशीनाशक म्हणून फवारायच्या एक टक्का बोर्डो मिश्रणाला १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी.