जुन्या आणि नव्या काबिजादी

जुन्या आणि नव्या काबिजादी हे पोर्तुगीज गोव्याचे दोन ऐतिहासिक विभाग होत. दोहोंच्या स्थापनेत सुमारे अडीच शतकांचे अंतर असल्याने त्यांच्या समाजजीवनात ठळक फरक पडला.

जुन्या काबिजादी
आफोन्सु द आल्बुकेर्क याने १५१० मध्ये आदिलशाहीकडून तिसवाडी जिंकली. १५४३ मध्ये बारदेश व सासष्टी हे प्रांत पोर्तुगिजांकडे आले. आजचा मुरगाव तालुका तेव्हा सासष्टीत मोडत असे. या प्रदेशात देवळे पाडण्यात आली व मोठ्या प्रमाणावर धर्मांतरे झाली. १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायालय, मधला अल्पकाळ वगळता, १८१२ पर्यंत चालू होते. भाविकांनी कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, तर केळशीची शांतादुर्गा कवळे येथे हलवली. ही दोन्ही गावे फोंडा महालात, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीबाहेर होती.

नव्या काबिजादी
हैदर अलीच्या आक्रमणानंतर सोंदेकर राजाने पोर्तुगिजांचा आश्रय घेतला. त्यातून फोंडा, सांगे, केपे व काणकोण हे भाग त्यांच्या ताब्यात गेले. सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८१ ते १७८८ या काळात डिचोली, सत्तरी व पेडणे मिळाले.

फरक
नव्या काबिजादींत सक्तीचे धर्मांतर झाले नाही. रहिवाशांच्या धार्मिक चालीरीतींना मान्यता मिळाली. त्यामुळे स्थलांतरित देवस्थाने पोर्तुगीज अमलाखालीही टिकली. येथील राजकीय असंतोष मात्र शमला नाही. सत्तरीत राण्यांनी वारंवार बंडे केली. त्यांपैकी १८५२ चे दीपाजी राणे यांचे बंड विशेष प्रसिद्ध आहे. दोन्ही विभागांतील पोर्तुगीज सत्ता १९ डिसेंबर १९६१ रोजी संपुष्टात आली.