तेहेतीसचा गुणाकार आणि हॅश सारण्यांवरील हल्ला

१/९
२८ डिसेंबर २०११, बर्लिन. केऑस कम्युनिकेशन काँग्रेसच्या व्यासपीठावर अलेक्झांडर क्लिंक आणि युलियान व्हेल्डे यांनी दाखवून दिले, की खुबीने रचलेली एकच वेब-विनंती सर्व्हरचा प्रोसेसर कित्येक मिनिटे अडकवून ठेवू शकते. पीएचपी, पायथन, रुबी, जावा अशा अनेक लोकप्रिय भाषा त्यात सापडल्या. दोष होता अवघ्या काही ओळींच्या एका गणितात. त्या गणिताचा हा इतिहास.

२/९
मूळ कल्पना १९५३ ची. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी जानेवारीतील एका अंतर्गत टिपणात सुचवले, की नोंद शोधण्यासाठी सारी यादी धुंडाळू नये. नोंदीच्या नावावरूनच एक आकडा काढावा, त्या क्रमांकाच्या खणात ती ठेवावी आणि शोधताना थेट त्याच खणाकडे जावे. नाव जणू बारीक चिरून त्याचा आकडा करायचा, म्हणून पुढे या रीतीला ‘हॅश’ हे नाव पडले.

३/९
लॅरी वॉल यांच्या पर्लने १९८७ मध्ये ही सारणी थेट प्रोग्रामरच्या हाती दिली. पायथनची डिक्शनरी, रुबीचा हॅश आणि पीएचपीचा अ‍ॅरे ही त्याच कुळातील भावंडे. अशा भाषांत हे गणित क्षणोक्षणी करावे लागते. गुप्तलेखनासाठी घडवलेली हॅश फलने इथे फारच संथ ठरतात. त्यामुळे निवडीचा मुख्य निकष एकच उरला: वेग.

४/९
पीएचपीने स्वीकारलेली रीत डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखली जाते. हाती असलेल्या आकड्याला ३३ ने गुणायचे, पुढच्या अक्षराचा संकेतांक मिळवायचा, आणि शब्द संपेपर्यंत हेच करत राहायचे. सामान्य शब्द या रीतीने खणांत छान विखुरतात. मात्र यामागे एक गृहीतक होते: शब्द पाठवणाऱ्याच्या मनात कपट नाही.

५/९
आता कपट पाहा. रोमन लिपीतील मोठ्या ‘ई’चा संकेतांक ६९, लहान ‘झेड’चा १२२. ६९ × ३३ + १२२ = २३९९. मोठा ‘एफ’ ७०, मोठा ‘वाय’ ८९. ७० × ३३ + ८९ = २३९९. दोन वेगळ्या जोड्या, आकडा एकच! अशा जोड्या दहा वेळा हव्या तशा जोडल्या, की १०२४ शब्द एकाच खणात कोंबता येतात. खणातील प्रत्येक नवा शब्द आधीच्या सर्वांशी ताडून पाहावा लागतो. शब्द दुप्पट झाले, की काम चौपट होते.

६/९
हा धोका २०११ मध्ये नवा नव्हता. राइस विद्यापीठातील स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलॅक यांनी तो २००३ मध्येच मांडला होता. डायल-अप मोडेमपेक्षाही कमी बँडविड्थ वापरून त्यांनी ‘ब्रो’ या जाळे-पहारेकरी प्रणालीचा सर्व्हर जेरीस आणला होता. पर्लने त्याच वर्षी आपल्या फलनात यादृच्छिक बीज मिसळले. इतर अनेकांनी मात्र तो इशारा मनावर घेतला नाही.

७/९
बर्लिननंतर एकच धावपळ उडाली. मायक्रोसॉफ्टने दुसऱ्याच दिवशी तातडीची दुरुस्ती दिली. पीएचपीने विनंतीतील चलांवर १००० ची मर्यादा घातली. पायथनने ३.३ आवृत्तीपासून यादृच्छिक बीज कायमचे सुरू केले. तरीही प्रश्न सुटला नाही. रुबी १.९ ज्यावर विसंबून होती, त्या मर्मरहॅशमध्ये बीज कोणतेही असो, टक्कर घडवता येते, हे २०१२ मध्ये सिद्ध झाले.

८/९
त्याच वर्षी ‘सिपहॅश’ अवतरले. १२८ बिटांची गुप्त किल्ली वापरणारे आणि तरीही छोट्या शब्दांवर चपळ असे हे फलन. रुबीने ते २०१२ मध्येच स्वीकारले, पायथनने २०१४ मध्ये. त्याचे कर्ते दोन: जाँ-फिलिप ओमासाँ आणि डॅनियल बर्नस्टाइन. होय, तेहेतीसच्या गुणाकाराला ज्यांचे नाव चिकटले होते, तेच!

९/९
वेगवान फलने मात्र हद्दपार झाली नाहीत. यान कोले यांचे एक्सएक्सहॅश आणि मर्मरहॅश २०२१ मध्ये पीएचपी ८.१ मध्ये दाखल झाले. स्वतःच्या फायलींची ओळख पटवायला ती उत्तम आहेत. परक्याने पाठवलेल्या शब्दांची सारणी त्यांच्या भरवशावर सोडता येत नाही. पायथन दोनदा नव्याने सुरू करून एकाच शब्दाचा हॅश छापून पाहा. आकडा दर वेळी बदललेला दिसेल. बर्लिनमधील त्या दिवसाची खूण तिथे आजही उमटते.

(समाप्त)