बी.कॉम. आणि अकाउंटन्सीसाठी गणित किती लागते?

दहावी-बारावीचे निकाल लागले की वस्तीतल्या अभ्यासिकेत एक प्रश्न हमखास येतो: “गणितात जेमतेम पास झालोय, कॉमर्स झेपेल का?” या एका भीतीपोटी अनेक मुले-मुली अकाउंटन्सीचा विचारच सोडून देतात. काही जण उलट टोकाला जातात. कॉमर्समध्ये गणित नसतेच, असे समजून प्रवेश घेतात आणि पहिल्या वर्षी अडखळतात. दोन्ही समज अर्धवट आहेत. म्हणून कोणत्या टप्प्यावर किती गणित लागते, ते आम्ही येथे एकत्र देत आहोत.

बारावीला गणित घ्यावेच लागते का?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेत पुस्तपालन व लेखाकर्म, अर्थशास्त्र, वाणिज्य संघटन हे नेहमीचे विषय. गणित व संख्याशास्त्र हा विषय ऐच्छिक आहे. त्याऐवजी अनेक विद्यार्थी चिटणीसाची कार्यपद्धती घेतात. गणित न घेताही राज्यातील विद्यापीठांत बी.कॉम.ला प्रवेश मिळतो. मात्र पुढे अर्थशास्त्राकडे वळायचे असेल तर सावध राहावे. उदाहरणार्थ, दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. (ऑनर्स) अर्थशास्त्रासाठी बारावीला गणित लागते. त्यामुळे कॉलेजात झेपत असेल तर अकरावीला गणित सोडू नये, असे आमचे मत आहे.

हिशेबाच्या विषयांत कोणते गणित येते?

अकाउंटन्सीचे रोजचे गणित म्हणजे बेरीज, वजाबाकी, शेकडेवारी, अपूर्णांक आणि गुणोत्तर. सातवी ते दहावीत शिकलेलेच. तीन उदाहरणे पाहू.

*भागीदारी:* दोन भागीदार ३:२ प्रमाणात नफा वाटून घेतात. नवा भागीदार १/६ हिश्श्याने आला. उरलेले ५/६ जुन्यांनी ३:२ मध्ये वाटले, तर पहिल्याला ३/६, दुसऱ्याला २/६ आणि नव्याला १/६. नवे प्रमाण ३:२:१. अपूर्णांकांचा गुणाकार आला की हे गणित सुटले.

*घसारा:* यंत्र १,००,००० रुपयांचे, दर १० टक्के. दरवर्षी सारखीच रक्कम वजा केली तर तीन वर्षांनी किंमत ७०,००० उरते. शिल्लक किमतीवर घसारा काढला तर तो अनुक्रमे १०,०००, ९,००० आणि ८,१०० येतो व ७२,९०० उरतात.

*जीएसटी:* १८ टक्के करासह बिल १,१८० रुपयांचे आहे. कर किती? अनेक जण १,१८० चे १८ टक्के काढून २१२.४० सांगतात. ते चूक आहे. मूळ किंमत १,१८० × १०० ÷ ११८ = १,०००, म्हणजे कर १८० रुपये. शेकडेवारी नेमकी कशावर काढायची, हे समजणे इथे महत्त्वाचे.

परिव्यय लेखांकनात थोडी बीजगणिताची भर पडते. विक्री किंमत ५० रुपये, नगामागे बदलता खर्च ३५ आणि स्थिर खर्च ३०,००० असेल, तर प्रत्येक नगामागे १५ रुपये उरतात. ३०,००० ÷ १५ = २,००० नग विकले की ना नफा ना तोटा.

गणिताचा स्वतंत्र पेपर

मुंबई विद्यापीठाच्या प्रथम वर्ष बी.कॉम.ला अनेक वर्षे ‘मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स’ हा विषय होता. शेअर व म्युच्युअल फंड, व्याज, संभाव्यता, सरासरी, सहसंबंध, निर्देशांक आणि विकलनाची ओळख एवढा त्याचा आवाका. नव्या शैक्षणिक धोरणानंतर विषयांची रचना बदलत आहे. म्हणून प्रवेशापूर्वी त्या वर्षाचा अभ्यासक्रम कॉलेजकडून मागून घ्यावा. त्रिकोणमिती किंवा विज्ञान शाखेएवढे कलनशास्त्र इथे येत नाही.

सी.ए. करायचे असेल तर

सी.ए. फाउंडेशनला चार पेपर असतात. तिसरा १०० गुणांचा पेपर व्यवसाय गणित (४०), तर्क (२०) आणि संख्याशास्त्र (४०) यांचा. प्रश्न बहुपर्यायी, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक पेपरात ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. म्हणजे इतर पेपर चांगले गेले तरी गणितात ४० हवेतच.

दुसरी वाटही आहे. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के मिळवणाऱ्यांना फाउंडेशन न देता थेट इंटरमिजिएटला नोंदणी करता येते. इतर शाखांच्या पदवीधरांना ६० टक्के लागतात. गणिताची भीती असणाऱ्यांनी पदवीचे गुण म्हणूनच गांभीर्याने घ्यावेत.

तयारी कशी करावी?

प्रवेशापूर्वीच्या दोन महिन्यांत शेकडेवारी, गुणोत्तर-प्रमाण, अपूर्णांक, सरळ व चक्रवाढ व्याज आणि साधी समीकरणे एवढेच पक्के करावे. सातवी ते दहावीची जुनी पुस्तके पुरतात. रोज दहा उदाहरणे हाताने सोडवावीत. कॅल्क्युलेटर उत्तर देतो, पण कशाला कशाने भागायचे हे सांगत नाही. मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांनी घसारा, ताळेबंद, तेरीज यांचे इंग्रजी शब्द वहीत शेजारी लिहून ठेवावेत. अनेकदा अडचण गणिताची नसते, प्रश्नाच्या भाषेची असते.

फीसाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना महाडीबीटीवर भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख रुपये आहे. जात व उत्पन्नाचे दाखले निकालाआधीच काढून ठेवावेत.

समाजासाठी याचे महत्त्व

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. सिडनहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले आणि पुढे बाटलीबॉय अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा. हा विषय आपल्या चळवळीला परका नाही. आज आपली जयंती मंडळे, विहार समित्या आणि ट्रस्ट लाखोंचा व्यवहार करतात. नोंदणीकृत न्यासाला हिशेब ठेवून ते तपासून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. हिशेब चोख नसला की वाद होतात आणि चांगले कार्यकर्ते दुरावतात. कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना मंडळाची रोजकीर्द आणि जमा-खर्च लिहायला द्यावा. त्यांचा सराव होईल आणि मंडळाचा हिशेब सभेत कोणालाही दाखवता येईल असा राहील.