गोखल्यांची उमेदवारी आणि भारत सेवक समाज

सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी ऊर्फ भारत सेवक समाज या संस्थेची स्थापना गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात केली. तिच्या सात प्रतिज्ञा सर्वश्रुत आहेत. तथापि तिचे मर्म नव्या सभासदाच्या पाच वर्षांच्या उमेदवारीत आहे.

या उमेदवारीचे मूळ न्या. रानड्यांच्या सहवासात शोधावे लागते. १८८७ मध्ये सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन गोखल्यांकडे आले, तेव्हा त्यांचे वय एकविशीच्या घरात होते. रानड्यांनी त्यांना वक्तृत्वापेक्षा सरकारी अहवाल वाचण्याची व आकडे पडताळण्याची शिस्त लावली. १८९७ मध्ये वेल्बी आयोगापुढील साक्षीत तिचे फळ दिसले. मात्र त्याच दौऱ्यात, मित्रांच्या पत्रांवर विसंबून त्यांनी पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या सोजिरांवर आरोप केले. ते सिद्ध करता न आल्याने त्यांना जाहीर माफी मागावी लागली. बोलण्यापूर्वी पुरावा हवा, हा धडा त्यांना असा दुहेरी मिळाला. उमेदवारीचा कडक नियम त्यातून स्फुरला असावा, असे अनुमान करता येते.

१९०१ मध्ये रानडे निवर्तले. गुरूच्या सहवासातून लाभलेले संस्कार नियमांत बांधता येतील काय, हा खरा प्रश्न होता. १९०९ मध्ये बाविशीत समाजात आलेले हृदयनाथ कुंझरू १९३६ मध्ये त्याचे अध्यक्ष झाले. गोखले १९१५ मध्येच गेले होते. नियम मात्र त्यांच्या पश्चात माणसे घडवीत राहिला. मात्र नियमात प्राण आला तो सहवासानेच, हे विसरता येत नाही.