मारुती ८०० ची ‘मूळ प्रत’ कोणती? जपानी मोटारींचे भारतीय पाठभेद

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मशीन शॉपमध्ये जुन्या मारुती ८०० चे इंजिन बोअरिंगसाठी येते, तेव्हा कारागीर प्रथम सिलिंडरमध्ये बोअर गेज घालतो. कार्ब्युरेटरच्या काळातील ८०० चे मूळ माप आहे ६८.५ मिलिमीटर. त्याच घडणीची गाडी त्याच काळात जपानच्या रस्त्यांवर धावत होती. तिचे इंजिन उघडले असते तर गेजने ६२ मिलिमीटर दाखवले असते.

सिलिंडर दोन्हीकडे तीनच. जपानी इंजिनाचा स्ट्रोक ६० मिलिमीटर, भारतीय इंजिनाचा ७२. गुणाकार केला की एकीकडे ५४३ सीसी येतात आणि दुसरीकडे ७९६. ‘८००’ हे नाव त्या दुसऱ्या आकड्यावरून आले. मग मूळ गाडी कोणती, आणि फेरफार केलेली कोणती?

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हा प्रश्न परिचित आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या असंख्य पोथ्या ताडून १९६६ मध्ये चिकित्सक आवृत्ती पूर्ण केली, त्या कामाचा पायाच पाठभेदांची नोंद हा होता. मोटारींचेही पाठभेद असतात. फरक एवढाच, की मोटारीतील पाठभेद लेखनिकाच्या चुकीने होत नाही; त्यामागे बहुधा एखादा कायदा, कर किंवा कारखान्याची निकड उभी असते.

५४३ सीसीमागचा कायदा जपानी आहे. युद्धोत्तर जपानने ‘केई’ म्हणजे हलक्या मोटारींचा स्वतंत्र वर्ग निर्माण केला आणि त्यांना करात सवलत दिली. बदल्यात मर्यादा कडक. प्रदीर्घ काळ ही मर्यादा ३६० सीसी होती. १९७६ मध्ये ती ५५० सीसी झाली, लांबी ३.२ मीटर आणि रुंदी १.४ मीटर. १९९० मध्ये पुन्हा वाढून ६६० सीसी. सुझुकीच्या अभियंत्यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत ज्या केई गाड्या आखल्या, त्या या चौकटीच्या आतच. १९८४ च्या जपानी आल्टोची लांबी ३१९५ मिलिमीटर आणि रुंदी १३९५ मिलिमीटर होती, म्हणजे कायद्याच्या रेषेपासून दोन्ही बाजूंनी जेमतेम पाच मिलिमीटर आत! त्याच पिढीची मारुती ८०० लांबीला ३३३५ आणि रुंदीला १४४० मिलिमीटर भरते. पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर मात्र दोन्हींत सारखेच, २१७५ मिलिमीटर. सांगाडा तोच राहिला. वाढ झाली ती बाहेरच्या अंगाला, विशेषतः बंपरांत. केईची मर्यादा भारतात लागू नव्हती, त्यामुळे अंग आखडून घेण्याचे कारण उरले नाही. साध्या टेपने करता येणारी ही ओळख आहे, आणि दुरुस्तीत बॉनेटखालचे सारे बदलले गेले असले तरी ती बरीचशी टिकून राहते.

दारांची कथा याहून रंजक आहे. १९७९ मध्ये जपानमध्ये आल्टो आली ती ४,७०,००० येन किमतीला, आणि ही किंमत साधली कराच्या वर्गवारीमुळे. आल्टो कागदोपत्री प्रवासी गाडी नव्हतीच, ती मालवाहू ‘बॉनेट व्हॅन’ होती. मालवाहू वाहनावर प्रवासी मोटारींचा वस्तुकर नव्हता. मात्र मालवाहू ठरण्यासाठी मागची जागा मालाला द्यावी लागे. म्हणून बाजूला दोनच दारे आणि मागची बैठक अवघडलेली. चार माणसांनी नीट बसावे अशी चार दारांची गाडी त्याच सांगाड्यावर होती, पण तिचे जपानमधील नाव ‘फ्रॉन्टे’. भारतीय कुटुंबाने डोळ्यांसमोर ठेवलेली ८०० ही चार दारांची, म्हणजे अंगाने फ्रॉन्टे. निर्यातीत मात्र सुझुकीने दोन्ही रूपांना सरसकट ‘आल्टो’ म्हटले. आज ८०० ला ‘भारतीय आल्टो’ म्हणणारे निर्यातीचे नाव वापरतात आणि जपानी कागदपत्रांत तिला शोधताना वाट चुकतात.

नावांचा घोळ पुढे वाढतच गेला. १९९३ मध्ये आलेली मारुती झेन युरोपात ‘सुझुकी आल्टो’ म्हणून विकली गेली. तिचे इंजिन ९९३ सीसीचे. जपानमध्ये त्याच घडणीची ‘सर्वो मोड’ ६६० च्या मर्यादेत बसवलेली. भारतात ‘आल्टो’ हे नाव अवतरले २००० मध्ये, ते वेगळ्याच पिढीच्या गाडीवर. आपली जुनी ८०० सीमेपलीकडे ‘मेहरान’ झाली आणि पाकिस्तानात २०१९ पर्यंत तयार होत राहिली. बोनेटवरील नाव हा ओळखीचा सर्वांत कच्चा पुरावा आहे.

मॉडेलचा संकेतांक त्या मानाने भरवशाचा. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला जिची चावी दिली गेली, ती पहिली ८०० ‘एसएस८०’ या संकेताची होती. जपानमधील तिची भावंडे ‘एसएस३०’ आणि ‘एसएस४०’. म्हणजे ‘८०’ हा आकडाच निर्यातीच्या मोठ्या इंजिनाची खूण आहे. ही पहिली पिढी भारतात आली तेव्हा जपानमध्ये तिचे वर्षभराचेही आयुष्य उरले नव्हते. तिथे सप्टेंबर १९८४ मध्ये नवी आल्टो आली आणि भारताला ते नवे अंग १९८६ मध्ये मिळाले. काहीशा चौकोनी चेहऱ्याची पहिली ८०० म्हणूनच आज दुर्मीळ आहे.

त्या पहिल्या गाड्यांविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. काचेवर, दिव्यांवर किंवा वायरिंगवर जपानी उत्पादकाचा शिक्का दिसला की गाडी ‘जपानी बाजारातली’ असे सांगून चढी किंमत मागितली जाते. वस्तुस्थिती साधी आहे. मारुती उद्योगाने सुझुकीशी करार केला ऑक्टोबर १९८२ मध्ये, आणि चौदा महिन्यांत गाडी बाहेर पडली. एवढ्या काळात सुटे भाग पुरवणारा देशी उद्योग उभा राहणे शक्यच नव्हते. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेल्या संचांतून इथे जोडल्या गेल्या, आणि मग टप्प्याटप्प्याने देशी भाग वाढत गेले. १९८४ च्या गाडीवरील जपानी शिक्का अस्सल आहे आणि तरीही ती भारतीय गाडीच आहे. तोच शिक्का १९९४ च्या गाडीवर दिसला तर मात्र चौकशी करावी.

जपानी रस्त्यांची छायाचित्रे पाहून ओळख पटवणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर. भारताप्रमाणेच जपानमध्येही वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे स्टिअरिंगच्या बाजूवरून काहीच कळत नाही. तिथल्या केई गाड्यांची पिवळी पाटी पाहून तिला टॅक्सी समजू नये. ती खासगी छोट्या गाडीची पाटी आहे. १९८३ पर्यंत जपानमधील मोटारींचे आरसे दारावर नसत, पुढच्या मडगार्डवर असत, नियमच तसा होता. निर्यातीच्या गाड्यांना तो लागू नव्हता. आणि विशिष्ट वेगापुढे (मोठ्या गाडीत ताशी सुमारे १०० कि.मी., छोटीत ८०) किणकिणणारी घंटीही १९७४ ते १९८६ या काळातील जपानी नियमाची देणगी. अॅनिमेमुळे हा आवाज आज भारतीय तरुणांनाही पाठ आहे, पण भारतीय ८०० मध्ये तो शोधणे व्यर्थ.

जिप्सीबाबत मोजपट्टी पुन्हा उपयोगी पडते. जपानी जिम्नीचा व्हीलबेस २०३० मिलिमीटर. १९८५ मध्ये भारतात आलेल्या जिप्सीचा २३७५. जपानला डोंगरवाटांवर चालणारी दोघांची गाडी हवी होती, इथे पोलीस, वनखाते आणि लष्कर यांना मागे माणसे बसवायची होती.

या साऱ्यांपेक्षा अधिक गुंतागुंतीची गाडी मात्र महाराष्ट्रातच घडली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९८५ मध्ये ‘११८ एनई’ बाजारात आणली. तिचे अंग इटलीच्या फियाट १२४ चे, तेही स्पेनच्या सेआत कंपनीमार्फत आलेले. इंजिन जपानच्या निसानचे, ए१२. नावातील ‘एनई’ निसान इंजिनाकडेच बोट दाखवते असे मानले जाते. फियाट १२४ चे स्वतःचे इंजिन ११९७ सीसीचे होते आणि निसानचे ११७१ सीसीचे. गंमत अशी, की दोन्हींचा बोअर नेमका ७३ मिलिमीटर! फरक आहे तो स्ट्रोकमध्ये: फियाटचा ७१.५, निसानचा ७०. दोन्हींत चार सिलिंडर, आणि दोन्हींत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये बसवलेला. ८०० ची ओळख लगेच पटवणारे बोअर गेज इथे मुके होते. आणि बोअर जुळला म्हणून पिस्टन जुळेल असेही नाही. पिनेचे स्थान आणि पिस्टनची उंची यांचा हिशेब प्रत्येक इंजिनाचा वेगळा असतो. इटलीत वा स्पेनमध्ये ‘१२४’ साठी मिळणारे इंजिनाचे भाग या गाडीसाठी मागवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. उलट दार, काच आणि पत्र्याची माहिती शोधायची तर ती निसानकडे मिळणार नाही. मग ही गाडी इटालियन, स्पॅनिश की जपानी? तिघांतल्या एकाही देशात ती या रूपात अस्तित्वातच नव्हती. तिला कुर्ल्याची गाडी म्हणावे, हेच इतिहासाला धरून होईल.

किर्लोस्करवाडीचे नाव घेतल्याशिवाय सांगली जिल्ह्यातील वाचकाला ही कथा अपुरी वाटेल. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी वसवलेल्या या गावातून वाढलेल्या उद्योगसमूहाने १९९७ मध्ये टोयोटाशी भागीदारी केली आणि २००० मध्ये बंगळुरूजवळच्या बिडदीतून क्वालिस बाहेर पडली. तिचे मूळ इंडोनेशियातील ‘किजांग’. फिलिपिन्समध्ये तीच ‘रेवो’, मलेशियात ‘अनसर’, दक्षिण आफ्रिकेत ‘काँडॉर’. जपानमध्ये ती विकलीच गेली नाही. जपानी कंपनीची गाडी, पण जपानी आवृत्ती नसलेली.

बाजारभेद देशांच्याच सीमेवर होतो असेही नाही. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध केले गेले. सांगलीत त्याच दिवशी विकल्या जाणाऱ्या ८०० ला ही सक्ती नव्हती. म्हणजे १९९५ नंतरची काही वर्षे एकाच कारखान्याची, एकाच रंगाची ८०० मुंबईत एक होती आणि कुपवाडात दुसरी. मुंबईची गाडी जुनी होऊन इकडे विकली गेली आणि तिच्यात शिसेयुक्त पेट्रोल पडले, की कन्व्हर्टर निकामी होई. शिसे त्यातील उत्प्रेरकावर थर धरते. देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले ते फेब्रुवारी २००० मध्ये. त्या काळातील गाडीखाली कन्व्हर्टर नसेल तर तो कुणी काढून टाकला की मुळातच नव्हता, हे नंबर प्लेट पाहून बरेचसे ठरवता येते. एमएच-०१, ०२ किंवा ०३ असेल तर तो असायला हवा होता. एमएच-१० असेल तर त्याचा अभाव हाच अस्सलपणा असू शकतो.

हे तपशील आज का महत्त्वाचे, याचे उत्तर परिवहन खात्याच्या नियमांत आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न करता मूळ रूपात राखलेली वाहनेच तिला पात्र ठरतात. पहिली ८०० हा टप्पा डिसेंबर २०३३ मध्ये गाठेल, ११८ एनई २०३५ नंतर. तोवर त्यांना कोणतेही कवच नाही. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि त्याचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते. भंगाराचा भाव आणि हा खर्च यांच्या कात्रीत या गाड्या रोज कमी होत आहेत.

ज्या उरतात, त्यांतल्या काहींवर दुसरेच संकट आहे: हौस. जपानी बंपर, जपानी बिल्ले, मडगार्डवरचे आरसे आणि जमलेच तर परदेशातून मागवलेले टर्बो इंजिन बसवून ८०० ला ‘जेडीएम’ म्हणजे जपानी बाजारातील गाडीचे रूप देण्याची चढाओढ अलीकडे वाढली आहे. गाडी ज्याची, मर्जी त्याची, हे खरेच. पण अशी गाडी जपानीही होत नाही आणि भारतीयही राहत नाही. आखूड बंपर लावून केईच्या मर्यादेत कोंबलेली ८०० म्हणजे चिकित्सक आवृत्तीच्या नावाखाली दुसऱ्याच पोथीतली पाने टाचून लावणे. तिची मूळ प्रत गुरगावच्या कारखान्यातील आहे. ७९६ सीसी, रुंद अंग आणि लांब बंपर हेच तिचे शुद्ध पाठ.

गाडी रंगाला देण्यापूर्वी चासी आणि इंजिन क्रमांक, काच व दिव्यांवरील शिक्के, बंपरपासून बंपरपर्यंतचे माप आणि एक्झॉस्टचा खालून घेतलेला फोटो, एवढी नोंद करून ठेवली तर २०३३ मध्ये तिचा उपयोग होईल. यांपैकी काचेवरचा शिक्का सर्वांत आधी जातो. महामार्गावर उडालेला एक खडा त्याला पुरतो.