रॅटलिंग सिस्टिकोला: फोटोत चकवणारा पक्षी आवाजावरून कसा ओळखायचा?

फोनमध्ये पक्षी ओळखणारं ॲप असलं की काम सोपं वाटतं: फोटो काढा, ॲपला द्या, नाव मिळवा. पण काही पक्ष्यांच्या बाबतीत ही पद्धत हमखास अडखळते. आफ्रिकेतला रॅटलिंग सिस्टिकोला हा त्यातलाच एक. इथे कॅमेऱ्यापेक्षा फोनचा माइक जास्त कामाचा आहे.

हा पक्षी कोण?

सिस्टिकोला या कुळात सुमारे ५० प्रजाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत राहतात. आपला शिंपी पक्षी आणि वटवट्या हे त्यांचे नातेवाईक. रॅटलिंग सिस्टिकोलाचं शास्त्रीय नाव सिस्टिकोला चिनियाना. केनियापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत, जिथे गवत आणि काटेरी बाभळीची झुडपं एकत्र असतात तिथे तो भरपूर दिसतो. लांबीला चिमणीच्या जवळपास, पण अंगाने सडपातळ. मादी नरापेक्षा लहान असते.

फोटोवरून का जमत नाही?

वरून तपकिरी, पाठीवर गडद रेषा, पोट फिकट, डोक्यावर किंचित तांबूस छटा. अडचण अशी की हेच वर्णन इतर कितीतरी सिस्टिकोलांनाही लागू पडतं. शिवाय काही प्रजातींत विणीच्या आणि इतर हंगामात रंग आणि शेपटीची लांबी बदलते. ब्रिटिश नौदलातले अधिकारी ह्युबर्ट लाइन्स यांनी या कुळाचा सविस्तर अभ्यास करून १९३० साली तो प्रसिद्ध केला. या पक्ष्यांची इंग्रजी नावं पाहिली तरी मुद्दा कळतो. रॅटलिंग म्हणजे खडखडणारा, वेलिंग म्हणजे रडणारा, क्रोकिंग म्हणजे बेडकासारखा डरावणारा. नावं ठेवताना रंगापेक्षा आवाजच उपयोगी पडला.

ॲप आवाज कसा ओळखतं?

कॉर्नेल लॅबच्या मर्लिन ॲपमध्ये आवाज ओळखण्याची सोय २०२१ मध्ये आली. ॲप आवाजाचं आधी चित्र बनवतं. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. आडव्या दिशेने वेळ, उभ्या दिशेने आवाजाची पट्टी, आणि आवाज जितका मोठा तितकी खूण गडद. मग फोटो ओळखणाऱ्या मॉडेलसारखंच एक मॉडेल ही चित्रं तपासतं.

रॅटलिंग सिस्टिकोलाच्या गाण्याचे दोन भाग असतात. आधी दोन-तीन खरखरीत, सुटे सूर, आणि लगेच एक जलद खडखडाट. साधारण 'ची-ची-ची-टर्रर्र' असं. चित्रात आधी सुट्या खुणा दिसतात आणि मग कंगव्याच्या दातांसारख्या दाट रेषा. झेनो-कँटो या वेबसाइटवर त्याची रेकॉर्डिंग्ज मोफत ऐकता येतात. दोन-चार ऐकलीत की कानाला सवय होते.

सवयींवरून खात्री करा

- नर झुडपाच्या शेंड्यावर, अगदी उघड्यावर बसून गातो. विणीच्या काळात चोच उघडली की तोंडाचा आतला भाग काळा दिसतो.
- खाणं मुख्यतः किड्यांचं. ते तो झुडपांत आणि गवतात शोधतो.
- घरटं जमिनीलगत गवतात लपवलेलं, गोलसर, बाजूने दार असलेलं. वीण पावसाळ्यात.
- माणूस किंवा साप जवळ आला की तो कर्कश ओरडतो. त्यामुळे नुसता ओरडा ऐकून नाव पक्कं करू नका, पूर्ण गाणं ऐका.

दोन गोष्टी लक्षात ठेवा

पहिली: ॲपचं उत्तर हा अंदाज असतो. तुम्ही ई-बर्डवर केलेली नोंद फक्त तुमच्या यादीत राहत नाही, संशोधक तीच माहिती वापरून पक्षी कुठे वाढतायत आणि कुठे कमी होतायत ते पाहतात. एकसारख्या दिसणाऱ्या पक्ष्यांच्या चुकीच्या नोंदी साठत गेल्या, तर दुर्मीळ प्रजातीसुद्धा कागदावर भरपूर दिसू शकते. गाणं ऐकलंच नसेल, तर प्रजाती न निवडता नुसतं 'सिस्टिकोला' नोंदवायची सोय आहे. ती खुशाल वापरा.

दुसरी: पक्षी जवळ यावा म्हणून फोनवर त्याचं गाणं वाजवू नका. नराला वाटतं की हद्दीत दुसरा नर घुसलाय. मग खाणं आणि घरट्याची राखण सोडून तो तुमच्या फोनशी भांडत बसतो.

आफ्रिकेला जाणं लांबची गोष्ट असली, तरी सराव इथेच करता येतो. याच कुळातला झिटिंग सिस्टिकोला महाराष्ट्रातल्या गवताळ माळरानांवरही आढळतो. तो वर-खाली झोके घेत उडताना 'झिट... झिट... झिट' असा एकच सूर थोड्या-थोड्या वेळाने काढतो. पावसाळ्यात माळावर गेलात तर फोन खिशातून काढा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि एक मिनिट शांत उभे राहा.