४ सप्टेंबर : स्टीफन हिस्लॉप स्मृतिदिन

१८६३ साली याच दिवशी टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळच्या भरलेल्या ओढ्यात रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज याच स्कॉटिश मिशनऱ्याच्या नावाचे. पण विदर्भाने त्यांना दगडांसाठीही आठवावे. नागपूरलगतच्या टाकळीत त्यांना व सहकारी रॉबर्ट हंटर यांना लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात फळे, बिया, भुंग्यांचे पंख, गोगलगाईंचे शंख सापडले. लाव्हा थांबे तेव्हा इथे तळी साचत, झाडी वाढे, हे चित्र त्यावरून उभे राहते.

चंद्रपूरकडच्या मांगलीतून मिळालेल्या कवटीवरून रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ‘ब्रॅकिऑप्स’ हा उभयचर जगापुढे आणला. रुंद चपटे डोके, डोळ्यांच्या खोबणी पुढे सरकलेल्या. असा लुप्त प्राणी रंगवणाऱ्या चित्रकाराला एवढा आधार पक्का. कातडीचा रंग मात्र सर्वस्वी कल्पनेचा, आणि चित्राखाली तसे नमूद करणे हाच या कलेचा प्रामाणिकपणा.

आपल्या धामणगाव बढे, मोताळा भागातल्या डोंगरांचा काळा दगडही टाकळीसारखाच लाव्ह्याचा. विहीर खणताना काळ्या दगडामध्ये फिकट गाळाचा थर, त्यात शंखाचे ठसे दिसले, तर फोडू नका. जवळच्या महाविद्यालयातील भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा.